मामांच्या वहीतला समास

"तिचं काही मनावर घेऊ नका. ती चारचौघांत बोलायची नाही."

मामी बाहेरच्या खोलीत हे म्हणाली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. मामांच्या पुस्तकाचे प्रकाशक हसले. म्हणाले, "बोलायचं आहेच कुठे तिला? शाल-श्रीफळाचं तबक धरून उभी राहिली की झालं." ट्रेमधले कप बशांवर किणकिणायला लागले. मी मान वळवून मांडणीकडे बघितलं. भूकंपाच्या धक्क्यांचा तो दुसरा हिवाळा होता आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत आम्हा सगळ्यांनाच ही सवय लागली होती. काही थरथरलं की आधी मांडणीवरची भांडी बघायची. भांडी हलत असली तर जमीन, आणि दाराकडे पळायचं. त्या दिवशी भांडी गप्प होती. थरथरत होता तो माझा हात.

दहा मिनिटांपूर्वी मी त्या दोघांसमोर मामांची जुनी वही उघडून ठेवली होती आणि समासातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं होतं. तोंडाने काय बोलले ते नीट आठवत नाही, बहुधा "हे राहिलं" एवढंच. प्रकाशकांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, लेखक कानांनीच लिहितो. रस्त्यावर ऐकलेलं वाक्य कथेत आलं म्हणून काय रस्त्याचं नाव छापायचं? आणि पुस्तक छापून झालंय आता. गठ्ठे गाडीत आहेत." मामीने मला चहा टाकायला पाठवलं. समारंभाला दोन दिवस होते.

दत्तामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. मी नववीत गेले तेव्हा वडिलांच्या बोईसरच्या नोकरीतल्या पाळ्या आणि आईचं दुखणं यामुळे मला शाळेसाठी डहाणूला मामांकडे ठेवलं, आणि पुढे कॉलेजही तिथूनच झालं. मामांना मूलबाळ नव्हतं. ते उधव्याच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. आणि गावातल्या थोड्या लोकांनाच माहीत असलेली गोष्ट अशी की ते विनोदी विज्ञानकथा लिहीत. दिवाळी अंकांत त्यांच्या कथा यायच्या. कुठल्या अंकाचा संपादक त्यांना विनोदी विभागात टाकायचा, कुठला विज्ञानाच्या, आणि मामा म्हणायचे की मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात राहणारा भाडेकरू आहे. त्यांच्या कथांमधली परग्रहावरची माणसं न्यूयॉर्कला वगैरे कधी उतरत नसत. ती तलासरीला उतरत आणि रहिवासी दाखल्यासाठी रांगेत उभी राहत. तालुक्याच्या कचेरीत बसवलेलं कालयंत्र कुठल्याही शतकात नेलं तरी तिथे जेवणाची सुट्टीच चालू असायची. एका कथेत अतिरिक्त ठरलेल्या मास्तरांची बदली गुरूच्या चंद्रावर होते आणि ते वेगळ्याच काळजीत असतात, की घरभाडं शहरी दराने मिळणार की ग्रामीण. हे सगळं मामा तोंडावरची रेषा न हलवता लिहायचे. यानाचा वेग, लागणारी वर्षं, तिथलं गुरुत्वाकर्षण, याची खरी गणितं मांडायचे आणि ती चुकली तर जेवायचे नाहीत. गावात त्यांना 'मंगळमास्तर' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

मी त्या घरात आले ती इंग्रजी शाळेतली, मराठीत बोलायला घाबरणारी मुलगी. मामा मला 'मॅडम' म्हणायचे. त्यात खोचकपणा नव्हता, पण मला तो वाटायचा, म्हणून मी आणखीच कमी बोलायची. घर लहान होतं, रानशेतकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, मागे चिकूची वीसेक झाडं. कुंपणापलीकडे शेजारच्या शेठची मोठी वाडी आणि तिची पत्र्याची शेड. सकाळी वाडीत लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेल्या बेडण्या हलत असायच्या आणि दुपारनंतर शेडमध्ये चिकूंचे ढीग पडायचे. रानशेतच्या एका पाड्यावरच्या सात-आठ बायका ते पुसत, आकाराप्रमाणे वेगळे करत आणि पेंढा घातलेल्या खोक्यांत लावत. चिकू एकमेकांवर ठेवताना होणारा तो बोथट, मऊ आवाज, पेंढ्याची सळसळ, आणि पिकायला आलेल्या फळाचा गुळासारखा वास. आजही बाजारात चिकूची गाडी दिसली की मी क्षणभर थांबते, पण विकत घेत नाही.

मामा आपली प्रत्येक कथा त्या शेडमध्ये वाचून दाखवत. ही त्यांची कामाची पद्धतच होती. चारच्या सुमाराला ते उलट्या क्रेटवर बसत, चष्मा पुसत, आणि वही उघडत. शाळकरी मुलांची लांबट वही, डावीकडे लाल रेघ मारलेला समास. बायका काम थांबवत नसत. मामा वाचत, आणि जिथे हसू येईल तिथे समासात एक टिंब देत. जिथे कुणी हसलं नाही तो विनोद घरी येऊन खोडत. त्यावर अपील नसे. मी दहावीत असताना टिंबं द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाचता वाचता लिहिणं त्यांना जड जाऊ लागलं होतं. बोलायची गरज नसलेलं काम, म्हणून मला ते आवडलं.

टिंबांशिवाय समासात अक्षरंही असत. त्यांची सुरुवात कशी झाली ते मी स्वतः बघितलं आहे. कथेतलं यान तीन वर्षांच्या प्रवासाला एका लांबच्या ग्रहाकडे चाललं होतं. मामा त्याचं इंधन समजावून सांगत होते. तेवढ्यात त्या बायकांतली जानीबाय, जिला मी जानीमावशी म्हणायची, मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, तीन वरसं चाललंय तर आतमदी झाडू कोन मारतं?"

मामा म्हणाले, "यंत्र मारतं."

"आन यंत्राला कोन पुसतं?"

"दुसरं यंत्र."

"मंग ते दुसरं नाय बोलत का, की मीच का म्हनून?"

सखू नावाची बाई एवढी हसली की तिच्या हातातला चिकू घरंगळत मामांच्या पायाशी आला. मामा हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि चार दिवस शेडकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले तेव्हा कथा पूर्ण बदलली होती. यानातला झाडूवाला यंत्रमानव संपावर गेला होता आणि तीन वर्षांचा प्रवास कचऱ्यामुळे मध्येच थांबला होता. जानीमावशीचे तीनही प्रश्न जसेच्या तसे कथेत होते, आणि त्यांच्या शेजारी समासात लाल शाईने 'ज'. मग 'स' आला, लखमीचा 'ल' आला. जिच्या तोंडून वाक्य आलं तिचं अक्षर. मामांनी मला एकदा सांगितलं होतं, "मॅडम, मी यान बांधतो. पण त्यात माणसं राहू शकतात की नाही, ते या बायका सांगतात."

जानीमावशी पन्नाशीची असेल. बारीक, काळी, हातांच्या शिरा दोरीसारख्या. तिला माझं न बोलणं खटकायचं नाही. एकदा शेठच्या मुनीमाने मला काहीतरी विचारलं, मी नुसती उभी राहिले, आणि तो म्हणाला, "आ छोकरी मूंगी छे के?" तेव्हा तीच पुढे झाली. "मुकी नाय शेठ. साठवतीय. एकदम देल तुला." त्यावर सगळ्या हसल्या आणि मी सवयीने वहीच्या समासात टिंब दिलं. ते टिंब कुठल्याच कथेतलं नव्हतं. मामांनी ते खोडलं नाही.

मग जमिनीखालून धक्के यायला लागले. तलासरीकडे जास्त, आमच्याकडे थोडे कमी, पण रोज. आधी खोल गडगड, जणू कुणी जड पेटी ओढतंय, आणि मग भांडी. पाड्यांवरचे लोक थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपू लागले. शाळा झाडाखाली भरू लागल्या. मामी उकडहंडी चढवायची तीसुद्धा मागच्या अंगणात तीन विटांवर, मडकं छपराखाली नको म्हणून. कंद आणि वालपापडी त्या हिवाळ्यात नेहमीसारखीच लागत होती, पण आम्ही घाईघाईने जेवायचो, एक कान जमिनीकडे ठेवून. कुणीतरी आपल्या पायाखाली राहतंय आणि ते जागं होतंय, असं सगळ्यांनाच वाटत असणार. मामांनी ते लिहिलं. कथेचं नाव 'खालचे लोक'. डोंगराखाली युगानुयुगं राहणारे लोक वर यायला बघतात, दार ठोठावतात ते आपल्याला धक्के वाटतात. शेवटी त्यांचं शिष्टमंडळ कचेरीत येतं, आणि साहेब विचारतो, तुम्ही इथे कधीपासून राहता, पुरावा काय? मामांच्या पहिल्या खर्ड्यात ते लोक एक जीवाश्म काढून देतात आणि साहेब त्याची साक्षांकित प्रत मागतो.

बायका हसल्या. मी टिंब दिलं. जानीमावशी हसली नाही. तिच्या घरचे डोंगराच्या उतारावर जो भाताचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पिकवत होते, त्याच्या वनहक्काच्या दाव्यासाठी ती आदल्याच दिवशी कचेरीत जाऊन आली होती.

"असं नाय बोलत कोनी, गुरुजी," ती म्हणाली.

"मग काय बोलतं?"

"डोंगराला विचारा. तो आमच्यामागून आलाय."

 शेडमधले चिकू लावणारे हात थांबले. मग सखूला हसू फुटलं, लखमीला, आणि ते थांबेना. मामांनी चष्मा काढला. "हे तू त्या साहेबाला म्हणालीस?"

"म्हनलं ना. त्याने लिहून नाय घेतलं."

"मी घेतो," मामा म्हणाले, आणि वही माझ्या हातातून घेऊन स्वतः लिहिलं. हात कापत होता तरी स्वतः.

"पन माझं नाव घाला हां गुरुजी," जानीमावशी परत चिकूकडे वळत म्हणाली. "नायतर उद्या परत विचारतील, कोन बोललं म्हनून."

"घालतो."

मी तिथे होते. मी हे ऐकलं आहे. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी मामा दात घासता घासता खाली बसले ते तसेच. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'हो' आणि 'ते' एवढे दोनच शब्द उरले. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांना हसवण्यासाठी शब्द मोजून वापरले, तो पाण्याच्या पेल्याकडे बोट करून 'ते, ते' म्हणत राहायचा आणि मामी पदर तोंडात धरून आत जायची. त्याच सुमारास ठाण्याच्या त्या प्रकाशकांचं पत्र आलं, की मामांच्या निवडक कथांचं पुस्तक काढायचं आहे, मुद्रणप्रत पाठवा. मामीने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं आहे. तू उतरवून काढ."

मी आयुष्यात कुठलंही काम एवढं मन लावून केलं नसेल. शाळेत आमच्या बाई वहीच्या समासात काही दिसलं की गुण कापायच्या. गणिताचं कच्चं काम समासात करायचं आणि पक्कं करताना पुसून टाकायचं, हे माझ्या हातात इतकं भिनलं होतं की विचार करायची गरजच पडली नाही. टिंबं गाळली, तसंच 'ज', 'स', 'ल' गाळलं. ते मला मामांचं कच्चं काम वाटलं. नावाचं काय ते मामा प्रस्तावनेत बघतील, असं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होतं. प्रस्तावना लिहायला मामांचा हात आणि जीभ दोन्ही उरले नव्हते हे त्या कोपऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. दोनशे पानं उतरवली. स्वच्छ, एका रेषेत, डावीकडे दोन बोटं कोरा समास.

पूर्ण झाल्यावर मी गठ्ठा मामांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने पानं उलटायला सुरुवात केली. सावकाश, एकेक. 'खालचे लोक'पाशी आले, थांबले, आणि बोट त्या कोऱ्या समासावर ठेवलं. "ते," म्हणाले. मी वाकून बघितलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी परत बोट आपटलं. "ते. ते." डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, त्यांना कौतुक करायचंय.

मी म्हणाले, "हो मामा. छान जागा सोडलीय ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मग "हो" म्हणाले आणि डोळे मिटले. आता माझं पोट छापखान्यासाठी मुद्रितं वाचण्यावर चालतं, आणि समासात कुणी काही लिहिलेलं असलं की मी ते वाक्याच्या आधी वाचते. लोकांना वाटतं ही माझी कामातली शिस्त आहे.

मामा उन्हाळ्यात गेले. बायका पाड्यावरून चालत आल्या होत्या. जानीमावशीने त्यांच्या पायाशी चार चिकू ठेवले, चांगले निवडून, पुसून. पुस्तक दिवाळीनंतर छापून झालं. पहिली प्रत घरी आली तेव्हा मी ती आधी उलटी धरली, आणि मागच्या मुखपृष्ठावर, मामांच्या फोटोखाली, मोठ्या अक्षरांत ते होतं: 'डोंगराला विचारा. तो आमच्यामागून आलाय.' खाली मामांचं नाव. मी मामांचं कपाट उघडलं आणि जुनी वही काढली. समासात लाल 'ज' होता. मग का कोण जाणे, मी पुढची पानं उलटत गेले. कथा संपली होती, कोरी पानं होती, कोरी, कोरी, आणि अगदी शेवटच्या पानावर मामांच्या कापऱ्या अक्षरात एक यादी. ज म्हणजे जानी, स म्हणजे सखू, ल म्हणजे लखमी, आणि आणखी चार. सगळ्यांत खाली, 'द म्हणजे मी'. त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: 'पुस्तकाचं पहिलं पान हे. अक्षरं समासातच छापावीत.'

ती वही घेऊनच मी त्या दिवशी मामी आणि प्रकाशकांसमोर उभी राहिले होते, आणि मला चहा टाकायला पाठवण्यात आलं होतं.

प्रकाशक गेल्यावर मामी ओट्याशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "हे बघ, चाळीस वर्षं लोक त्यांना हसले. त्यांच्या गोष्टींना नाही, त्यांना. माझ्या माहेरी कुणी विचारलं की नवरा काय लिहितो, तर मी विषय बदलायची. आत्ता कुठे फोटो छापून आलाय. आता तू उठून सांग की ते त्यांचं नाही. लोक काय म्हणतील? मास्तरांनी मजुरणींचं चोरलं म्हणतील."

"चोरलं नाही मामी. त्यांनी लिहून ठेवलंय. मी..."

"ते कोण वाचणार आहे? लोक एवढंच ऐकतील की त्यांचं नव्हतं." तिने कप विसळून पालथे घातले. "तू पोरीसारखी आहेस मला. त्यांचं नाव तुझ्या हातात आहे."

मी ओटा पुसत राहिले. तिने माझं गप्प बसणं हाच होकार धरला. सगळेच धरायचे, मीही आजवर तसंच धरू दिलं होतं.

समारंभ उधव्याला, मामांच्या शाळेच्या मैदानात होता. त्या दिवसांत तिकडे छपराखाली कुणी बसायला तयार नसे, म्हणून मांडव, आणि मांडवाला कनाती नाहीत, पळायला मोकळं. मंचावर प्रकाशक, मामी, एक निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून, आणि कडेला तबक घेऊन मी. तबकात शाल, नारळ, आणि शालीच्या घडीखाली वही. वही मी का घेतली होती ते मला नक्की माहीत नव्हतं. दाखवणार होते असं नाही. ती घरी एकटी ठेवावीशी वाटली नाही. गर्दी दिसावी म्हणून प्रकाशकांनी शेठला सांगून रानशेतच्या बायकांना टेम्पोतून आणवलं होतं. त्या मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या, धुतलेल्या साड्यांत, डोक्यात अबोली. शेडबाहेर त्यांना हात रिकामे ठेवून बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. जानीमावशीने मला ओळखून हात हलवला. मी तबक धरलेलं होतं, त्यामुळे नुसती मान हलवली.

भाषणं झाली. पाहुण्यांनी मामांना द्रष्टा म्हटलं. मामांनी हे ऐकलं असतं तर टिंब न देता खोडलं असतं. मग प्रकाशक उठले. पुस्तक हातात धरून म्हणाले, "दत्तात्रय गुरुजींची सगळी प्रतिभा एका वाक्यात आहे," आणि थांबून, आवाज उतरवून वाचलं, "डोंगराला विचारा. तो आमच्यामागून आलाय." टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या मधून, मागच्या सतरंजीवरून, मला तो आवाज ऐकू आला जो मी पाच वर्षं चिकूंच्या आवाजासोबत ऐकत आले होते.

"आयकलंस का सखू? गुरुजींनी घातलं बघ! माझं हाय ते!"

खुर्चीवरच्या एका माणसाने मागे वळून बघितलं. "ए बाय, गप बस. कार्यक्रम चाललाय."

"माझंच हाय ना पन..."

"गप म्हटलं ना. तुझं काय असणार त्यात?"

दोन-तीन जण हसले. सखूने तिचा हात ओढला. जानीमावशीने पदर तोंडावर घेतला आणि खाली सतरंजीकडे बघायला लागली. मुनीमाला पुरून उरलेली बाई. एका फटक्यात गप्प झाली. ती मला शोधत नव्हती, माझ्याकडे बघतही नव्हती. तिला माहीत होतं की मी बोलत नाही.

तबकातला नारळ हलायला लागला. तो तबकाच्या काठावर टकटक आपटत होता. मी सवयीने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. पाणी स्थिर होतं, काठोकाठ, आरशासारखं. प्रकाशकांनी मला खूण केली की पाहुण्यांकडे ये. मामी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत जे होतं ते मी विसरलेले नाही. त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते का, माहीत नाही.

मी पाहुण्यांच्या समोरून गेले. मंचाच्या तीन लाकडी पायऱ्या उतरले. खुर्च्यांच्या मधून चालत गेले, त्या गप बस म्हणणाऱ्या माणसाच्या बाजूने, मागच्या सतरंजीपर्यंत. चप्पल काढून खाली बसले. तबक जानीमावशीच्या समोर ठेवलं. ती दचकली, कुजबुजली, "आगं बाय, मला नको, त्या साहेबाला दे." मी शालीखालून वही काढली, त्या पानावर उघडली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. पण लाल शाई तिने ओळखली. तिने बोट नेमकं समासात ठेवलं, जिथे मामांनी ठेवलं होतं. सगळा मांडव मागे वळून बघत होता. मंचावरून प्रकाशक हसत म्हणाले, "भाचीला काही सांगायचंय वाटतं. माइक द्या तिला." कुणीतरी माइक आणायला उठलं. मी त्याची वाट बघितली नाही. वाट बघितली असती तर परत गप्प झाले असते. मी उभी राहिले आणि मामांच्या त्या शाळेच्या मैदानात, इंग्रजी शाळेतल्या माझ्या मराठीत, शेवटच्या रांगेपासून मंचापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"हे वाक्य जानीबायचं आहे. मामांनी तिचं नाव समासात लिहून ठेवलं होतं. ते मी गाळलं."